पुतळाचं करंजतेल आणि पिवळा नाला

पुतळा भोपीच्या दारात औषधाला गेलेला माणूस आधी शिव्या खायचा आणि मग तेल घेऊन यायचा. शिरवणे गावात हे सगळ्यांना माहीत होतं. खरजेने पोखरलेलं पोर घेऊन एखादी बाई आली, की पुतळा पोराचे हात उलटसुलट करून बघायची, बोटांच्या बेचक्यांत नख फिरवायची आणि कडाडायची, "इतके दिस काय झोपली व्हतीस? सगलं घर खाजवत बसल्याबिगर माजी आठवन होत नाय तुमाना!" मग आत जाऊन वाटीभर करंजतेल ओतून आणायची. गोधड्या उकळत्या पाण्यातून काढ, घरातल्या झाडून सगळ्यांना चोळ, एकट्या पोराला चोळलंस तर परत येऊ नकोस, असा दम वर द्यायची. आणि पोर बरं व्हायचं. त्यामुळे शिव्यांचं कुणी मनावर घेत नसे.

ही करंजाची झाडं गावाच्या जुन्या खारबांधावर ओळीने उभी होती. खाडीचं खारं पाणी भातशेतीत घुसू नये म्हणून गावाने कोणे एके काळी मातीचा तो बांध घातला होता, आणि माती धरून राहावी म्हणून त्यावर करंज लावले होते. चैत्रात शेंगा वाळून खाली पडल्या की पुतळा टोपली घेऊन जायची. शेंगा फोडायच्या, बिया उन्हात खडखडीत वाळवायच्या, उखळात कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर आलेलं काळपट पिवळं, उग्र वासाचं तेल पळीने काढून घ्यायचं. हे तिला आईने शिकवलं होतं. मिठागरात राबणाऱ्यांच्या टाचांना पडलेल्या भेगा, भाताच्या लावणीत बोटांमध्ये होणाऱ्या चिखल्या, गजकर्ण, बैलांचे गोचीड, होडीच्या फळ्या, सगळ्याला हेच तेल. उरलेली पेंड भाताच्या खाचरात टाकली की मुळं खाणारी कीड यायची नाही. पोटात मात्र एक थेंब जाता कामा नये. लहान पोरांच्या हाती बी लागलं तर ती त्यांच्या पाठीत धपाटा घालायची.

सत्तरच्या पुढे नवं शहर आलं. भाताची खाचरं सरकारजमा झाली, काहींवर मुरूम पडला, काही पडीक राहिली. बेलापूर रस्त्यापलीकडे कारखान्यांची रांग उभी राहिली. पुतळाचा नवरा गोटीराम त्यातल्याच एका कारखान्यात लागला. चामडं कमवायला लागणारं काही रसायन तिथे बनायचं. त्याचं इंग्रजी नाव गावात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. त्याच्या नाल्यातून हळद कालवल्यासारखं पाणी यायचं, म्हणून सगळे त्याला पिवळी कंपनी म्हणायचे. तो नाला पडीक खाचरांतून वाहत बांधापर्यंत यायचा आणि बांधातल्या उघाडीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, खाडीत पडायचा.

शेती गेल्यावर पुतळाचा धाकटा भाऊ नामा खाडीवरच जगू लागला. ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी चिखलात उतरायचं, हाताने निवट्या, म्हणजे चिखलातली मासळी, आणि खेकडी धरायची, बायको ती नेरूळच्या नव्या वसाहतीत विकायची. नामा स्वभावाने थंड. बहीण दोन तोंडांनी बोलायची, भाऊ अर्ध्या तोंडाने हसायचा.

ब्याऐंशीच्या सुमारास नामाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारी एक फोड आला, फुटला आणि तिथे भोक पडलं. वाटोळं, काठ उचललेले, पंच मारून कागद कापावा तसं. गंमत म्हणजे ते दुखत नव्हतं.

"चिखल्या हायत," पुतळाने निकाल दिला. "चिखलात मरतोस ना दिसभर! तेल भर त्यात आनि फडकं बांध."

नामाने तसं केलं. भोक बुजलं नाही, शेजारी दुसरं पडलं. मग खाडीवर जाणारे आणखी दोघेचौघे तसलीच भोकं घेऊन आले. पुतळाने त्यांनाही तेल दिलं. आठवडे गेले तरी कुणाचीच जखम भरेना, तशी ती चवताळली. "तुमी लावतच नाय! रातचे लावून सकाली धुतासा, मना ठाव हाय!" ते बिचारे शपथा घ्यायचे. नामाही सांगायचा, "रोज लावतंय गो." तर त्यालाच ती झापायची.

एकदा नामाच्या बायकोने भीत भीत विचारलं, बेलापूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवून आणू का. पुतळाने तिला दारातून हाकलली. "माज्या भावाच्या पायाला दवाखाना? आयने गावाचे पाय राखले या तेलावर! जा, लई शहानी झायलीस!"

हळूहळू गावात कुजबुज सुरू झाली. शेजारची गोजरा तर विहिरीवर सगळ्यांदेखत बोलली, "पुतळाच्या तेलाचा गुन गेला. पयल्यासारखा उग्र वास येत नाय. पानी घालते का काय कोन जाने." पुतळाने भरलेला हंडा तिच्या अंगावर ओतला. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं, पण बोललेलं काही मागे गेलं नाही. खरूज घेऊन येणाऱ्या बायाही कमी झाल्या.

आणि मग नामाला ताप भरला. जांघेत गोळा आला, पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा पडला. टेम्पोत घालून त्याला ठाण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. जखम हाडापर्यंत पोचली होती. डॉक्टरांनी पंजा अर्ध्यातून कापला.

"इतके दिवस काय करत होता?" डॉक्टरांनी नामाला विचारलं. पुतळा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. वाटलं, आता हा आपल्याकडे बोट दाखवणार. नामा म्हणाला, "दुखत नव्हता डॉक्टर. मीच टालाटाली केली."

पुतळाला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. त्याने तिचं नाव घेतलं असतं तर ती भांडली असती, बचाव केला असता, रडलीही असती. त्याने तिला काहीच करायला ठेवलं नाही. घरी आल्यावर तिने तेलाची सगळी मडकी परसात नेऊन ओळीने मांडली आणि फोडायला वरवंटा उचलला. पण एकाएकी थांबली. तेलात खोट असेल तर मडकी फोडायचीच. पण खोट आहे हे आधी कळायला हवं.

वाशीच्या नव्या कॉलेजात सुमेधा नावाची रसायनशास्त्राची प्राध्यापिका होती. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे पुण्याहून इकडे आलेली. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीला खरूज झाली होती आणि मोलकरणीच्या सांगण्यावरून ती शिरवण्याला येऊन, रीतसर शिव्या खाऊन, तेल घेऊन गेली होती. तेवढीच ओळख. पुतळा बसने वाशीला गेली, विचारत विचारत तिचा फ्लॅट शोधला आणि बाटली जेवणाच्या टेबलावर आपटली.

"तू शिकवतंस ना असलं? मग तपास. यात काय कमी झायलंय ता सांग."

सुमेधाने तिला बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि चार दिवसांनी कॉलेजातच बोलावलं. प्रयोगशाळेत तिने पांढऱ्या चिनीमातीच्या थाळीवर तेलाचे थेंब टाकले आणि वरून कडक ॲसिडचा एक थेंब सोडला. तेल पिवळंधमक झालं, त्यात नारिंगी रेघा फुटल्या आणि काचेच्या कांडीने ढवळल्यावर सगळं तांबूस झालं.

"करंजाचं तेल असंच रंग दाखवतं," ती म्हणाली. "थंडीत तुमच्या मडक्याच्या तळाशी पांढरट कणी बसते ना पुतळाताई?"

"बसते. ती कडू जहर असते."

"त्यातच करंजीन असतं. तेलाचा कडूपणा आणि गुण बराचसा त्या जातीच्या द्रव्यांमुळे येतो. ते मी वेगळं काढून बघितलं. भरपूर आहे. तेल अस्सल आहे तुमचं, पाण्याचा थेंब नाही त्यात."

पुतळाचा चेहरा क्षणभर उजळला. गोजराच्या तोंडावर काय काय फेकायचं ते तिने मनात जुळवायलाही घेतलं. मग एकदम तिचा आवाज फुटला. "मंग नामाचा पाय का गेला?"

सुमेधाने नजर वळवली नाही. "कारण ते या तेलाचं काम नव्हतं. खरजेचा किडा तेलाने मरतो. चिखल्यांची बुरशी हटते. भेगांना मऊपणा येतो. पण तुम्ही सांगता तसली भोकं किड्याची नाहीत, बुरशीची नाहीत. ती रसायनाने भाजल्याची आहेत. त्यावर तेल भरून फडकं बांधलं की आतली जखम आतच चरत राहते."

"म्हंजे मी कापला त्याचा पाय?"

"रसायनाने खाल्ला. पण तेल लावण्यात दिवस गेले, हेही खरं आहे. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

पुतळा उठली. स्टूल मागे पडलं ते तिने उचललं नाही. "सात पिढ्यांचं तेल आमचं," ती ओरडली, "आनि काल आलेली तू मना शिकवतंस!" जिन्यावरची पोरं थबकून बघत राहिली. बसमध्ये ती सबंध वाटेत स्वतःशी पुटपुटत होती. बाजूला बसलेली बाई उठून दुसरीकडे गेली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा कॉलेजच्या फाटकात हजर. हातात लोणच्याची बरणी आणि बरणीत नाल्याचं पिवळं पाणी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "हां. याच्यात काय हाय ता सांग."

सुमेधाने पाण्यात आधी ॲसिड आणि मग एका औषधाचे थेंब टाकले. पाणी बघता बघता जांभळंगर्द झालं. पिकल्या जांभळाच्या रसासारखं. सुमेधाचाच चेहरा उतरला. "क्रोमियम," ती म्हणाली. "इतका गडद रंग यायला नको होता. हे कातडीला भोकं पाडतं. दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो." थोडं थांबून तिने विचारलं, "तुमच्या घरचं कुणी त्या कारखान्यात आहे?"

"माजा घरवाला. का?"

"त्यांच्या नाकात बघा. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा असतो ना, हे धुळीच्या रूपाने नाकात गेलं की तो झिजतो."

पुतळा घरी आली तेव्हा गोटीराम पहिल्या पाळीवरून येऊन अंगणात विडी ओढत बसला होता. लख्ख ऊन होतं. तिने त्याची हनुवटी धरली आणि मान मागे केली. "अगो काय करतंस!" तो ओरडला. तिने त्याच्या नाकात बघितलं. एका नाकपुडीतून दुसरीतला उजेड दिसत होता.

 गेली दोन वर्षं हा झोपेत शिट्टी वाजवल्यासारखा श्वास घेतो आणि आपण त्याला कुशीवर वळायला सांगतो, हे तिला आठवलं.

"तुना ठाव व्हतं?"

गोटीरामने मान सोडवून घेतली. "सगल्यांच्याच नाकात हाय," तो म्हणाला, जसं काही पगारवाढ सगळ्यांनाच मिळाली आहे. "दुखत नाय."

"दुखत नाय!" पुतळा किंचाळली. "नामा बी हाच बोलला! दुखत नाय म्हनून कापून घेशील काय सगला देह?"

"मंग काय करू? जमीन हाय का कसायला? तू खायला घालशील?"

पुतळा आणखीच भडकली. ती तडक गोजराच्या दारात गेली. गोजराने तिला बघून दार ओढायला घेतलं. पुतळाने पाय मध्ये घातला. "तेलाला नावं ठेवलीस ती ठेवलीस. आता सांग, तुज्या दिराच्या पायाला भोक हाय का नाय? हाय ना? मंग फावडं घे आनि चल."

पुढल्या ओहोटीला शिरवण्याच्या वीसपंचवीस बाया उघाडीवर जमल्या. पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. या बायांना मोर्चे ठाऊक नव्हते, पण बांध घालणं ठाऊक होतं. भरतीने बांधाला भगदाड पडलं की ते पाणी परत चढायच्या आत कसं बुजवायचं, हे त्यांच्या हातांत होतं. खाली पेंढा आणि झावळ्या, वर चिखलाचे गोळे, ते पायाने दाबायचे, परत पेंढा. दुपारपर्यंत उघाडीचं तोंड बंद. पिवळं पाणी थबकलं, मागे फिरलं, पडीक खाचरांतून वर चढत गेलं, आणि चहाच्या वेळेला कारखान्याच्या आवारात शिरलं.

तिथून धावपळ सुरू झाली. कारखान्याचा एक मोठा अधिकारी जीपने बांधावर आला. बरोबर पाचसहा कामगार, हातात कुदळी आणि फावडी. त्यात गोटीराम होता.

"कुणाच्या परवानगीने केलं हे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"तुमी पानी कोनाच्या परवानगीने सोडला?" पुतळाने विचारलं.

अधिकारी कामगारांकडे वळला. "फोडा रे."

गोटीराम दोन पावलं पुढे आला आणि बायकोच्या समोर उभा राहिला.  पुतळाचा आवाज खणखणीत लागला. "फोड. तुजी नोकरी हाय, फोड तू. पन सायबाला बी उतरव तुज्याबरोबर. बूट काढून उतरव. नुसता घोटाभर पान्यात उभा ऱ्हाउंदे, मी माज्या हाताने फोडते बांध."

अधिकाऱ्याने आपल्या बुटांकडे बघितलं. ते न कळत झालं असावं, पण सगळ्यांनी पाहिलं. तो म्हणाला, "नाटकं बंद करा." मात्र पुढे आला नाही. गोटीरामने फावडं हळूच खाली ठेवलं. आपटलं नाही, फेकलं नाही. ठेवलं, आणि बांधाच्या कडेला करंजाच्या सावलीत जाऊन बसला. त्याच्या पाठोपाठ एकाने कुदळ ठेवली. मग दुसऱ्याने.

संध्याकाळी पोलीस आले, बायांना गाडीत घालून चौकीवर नेलं आणि मशीन लावून बांध फोडला. चौकीत नाव विचारल्यावर पुतळाने स्वतःचं सांगितलं आणि वर नामाचंही लिहून घ्यायला लावलं. "तो कुठे होता तिथे?" हवालदार म्हणाला. "त्याचा पाय व्हता," ती म्हणाली.

पण आवारात पाणी शिरल्याची बातमी बाहेर गेली. वर्तमानपत्रवाले आले. सुमेधाने आपल्या नावानिशी तपासणीचा निकाल दिला. त्यासाठी तिला कॉलेजात बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण ती मागे सरली नाही. सरकारी माणसं येऊन पाण्याचे नमुने घेऊन गेली. कारखाना काही महिने बंद राहिला. पुन्हा सुरू झाला तेव्हा आवारात पाणी शुद्ध करायच्या मोठ्या टाक्या बांधलेल्या होत्या. गोटीरामला मात्र परत घेतलं नाही. तो नेरूळच्या एका सोसायटीत वॉचमन झाला. आणि टाक्यांपासून खाडीपर्यंत सिमेंटची पाइपलाइन न्यायची म्हणून ठेकेदाराने बांधावरचे निम्मे करंज तोडले. पुतळा त्या दिवशी कोयता घेऊन धावली होती. गोजराने तिला कमरेला मिठी मारून धरून ठेवलं.

तिने तेल काढणं सोडलं नाही, पण रीत बदलली. आता तेलाआधी ती जखम उजेडात धरून बघायची. खाज असली, चिखल्या असल्या, भेगा असल्या तर वाटी मिळायची. वाटोळं भोक दिसलं की त्या माणसाचं बखोट धरून त्याला स्वतः बेलापूरच्या दवाखान्यात नेऊन बसवायची, आणि नंबर लागेपर्यंत तिथल्या बाकावर बसून त्याला शिव्या घालायची. नामाने कुबडी घेतली, मासळीचं जाळं विणू लागला. पायाचा विषय त्याने कधी काढला नाही. पुतळाच काढायची आणि तीच चिडून उठून जायची.

पाइपाच्या तोंडाशी मात्र ती जातच राहिली. दर थोड्या दिवसांनी बरणीभर पाणी धरायचं आणि वाशीला न्यायचं. सुमेधा थेंब टाकायची. कधी जांभळा रंग गडद यायचा, कधी फिका, आणि दोघी तक्रार घेऊन सरकारी कचेरीत जायच्या. शहाऐंशीच्या हिवाळ्यात एकदा सुमेधाने थेंब टाकले आणि पाणी तसंच राहिलं. नितळ. तिने पुन्हा टाकले. काही नाही.

"पुतळाताई," ती हरखून म्हणाली, "साफ आहे! टाक्या नीट चालवताहेत वाटतं."

तिला वाटलं होतं बाई खूश होईल. पुतळा बरणीकडे बघत राहिली. मग तिने ती उचलून उजेडात धरली.

"म्हंजे साफ करता येत व्हतं," ती म्हणाली.

सुमेधाने हातातली थेंबांची बाटली खाली ठेवली.

"पयल्यापासून येत व्हतं. नामा चिखलात उतरायचा तवा बी येत व्हतं." तिने ते पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं, बरणी विसळली, पदराने पुसली आणि पिशवीत टाकली. "पुढल्या मंगलवारी परत आनते," ती दारातून म्हणाली. "आज साफ हाय म्हनून उद्या असल, असं मना कोन लिवून देत नाय."